बुद्धी आपोआप वर येते?

"हुशार माणूस आपोआप वर येतो" असं अनेकजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले तेव्हा कोल्हापूर दरबारात ७१ पैकी ६० अधिकारी एकाच जातीचे होते. बाकीच्यांच्या घरात काय अक्कल जन्मलीच नव्हती? २६ जुलै १९०२ ला महाराजांनी नोकरीतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, पण त्याआधीच वसतिगृहं सुरू झाली होती. मला ते जास्त मोलाचं वाटतं. माझे वडील असल्याच एका बोर्डिंगात शिकले. गावाकडनं एस्टीनं डबा यायचा, भाकरी आणि खर्डा. गाडी चुकली की उपाशीच अभ्यास. शेजारच्या बंगल्यातल्या पोराला शिकवणी होती. दोघांचे मार्क एकाच तागडीत कसे तोलणार?