मदत हवी आहे: वर्गातील तंत्रज्ञान वापरले जात नाही, याचे खरे कारण कसे शोधावे?

नमस्कार.

मी गेली १९ वर्षे माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत १२ वर्गांमध्ये डिजिटल बोर्ड बसले, ४० टॅब आले, ते चार्ज करण्यासाठी कुलपाचे कपाट आले आणि ‘तुम्हाला या गोष्टींची आवड आहे’ एवढ्याच भांडवलावर या सर्वांची जबाबदारी माझ्याकडे आली. आता व्यवस्थापन समितीने माझ्याकडून लेखी टिपण मागवले आहे. त्याचा विषय समितीनेच ठरवून दिला आहे: ‘शिक्षकांच्या अनास्थेची कारणे व उपाय’. माझी अडचण या शीर्षकापाशीच सुरू होते, कारण त्यात निकाल आधी दिलेला आहे आणि चौकशी मागाहून करायची आहे.

समितीचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हे आधी मान्य करतो. निम्म्याहून अधिक बोर्ड केवळ पडदा म्हणून वापरले जातात, दोन तर नुसतेच भिंतीवर आहेत, आणि टॅबचे कपाट मागच्या सत्रात ११ वेळा उघडले गेले. परंतु ज्या सहकाऱ्यांना अनास्था आहे असे म्हटले जाते, तेच रोज मोबाईलवर हजेरी भरतात, बँकेचे व्यवहार करतात आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सरावपत्रिका पाठवतात. त्या गटासाठी कोणी प्रशिक्षण दिले नव्हते, तरी आठवड्याभरात सगळे शिक्षक तेथे होते. जे एका ठिकाणी न सांगता घडले, ते दुसऱ्या ठिकाणी सांगूनही का घडत नाही, हे मला समजून घ्यायचे आहे.

परवानगी घेऊन मी तीन आठवडे सहकाऱ्यांच्या तासांना मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसलो. आमचा तास ४० मिनिटांचा असतो. बोर्ड सुरू होणे, आधीच्या शिक्षकांचे खाते बंद करून आपले उघडणे, पासवर्ड चुकणे, आवाज न येणे, या सगळ्यात सहा ते नऊ मिनिटे जातात. हजेरीची मिनिटे वेगळी. एका तासात बोर्डाने मध्येच अपडेट सुरू केले आणि भूगोलाच्या बाई २० मिनिटे तोंडी शिकवत राहिल्या. पुढच्या वेळी त्या गुंडाळी नकाशा घेऊनच वर्गात आल्या. त्यांना अनास्थ म्हणायला माझी लेखणी धजत नाही.

सर्वांत तरुण सहकारी भाषा शिकवतात आणि घरी स्वतः चित्रफिती तयार करतात, मात्र वर्गात त्या दाखवत नाहीत. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, की एकदा यंत्र अडले आणि मुलांकडे पाठ करून पाच मिनिटे उभे राहावे लागले, की उरलेला तास वर्ग हाती लागत नाही. वय वाढले की तंत्रज्ञान नकोसे होते, हा समज माझ्यापुरता तेथेच संपला. उलट २७ वर्षे गणित शिकवणारे आमचे ज्येष्ठ सर बोर्डाला हात लावत नाहीत आणि त्यांचे कारण शुद्ध अध्यापनाचे आहे: भूमितीच्या सिद्धतेतील पहिली पायरी शेवटची पायरी लिहीपर्यंत मुलांच्या डोळ्यांसमोर राहिली पाहिजे; फळ्यावर ती राहते, पडद्यावर ती वर सरकून जाते. मला याचे उत्तर देता आले नाही.

थोडे वाचनही केले. एडिसन यांनी १९१३ मध्ये भाकीत केले होते, की शाळांतून पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि शिक्षण चलच्चित्रांतून होईल. त्यानंतर रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे शिकवण्याचे यंत्र आले, आणि प्रत्येक वेळी अपेक्षा उंच राहिली, वापर तुटपुंजा. पेगी अर्टमर या संशोधिकेने १९९९ मध्ये अडथळ्यांचे दोन थर सांगितले: साधने, वेळ, प्रशिक्षण आणि मदत हे बाहेरचे, शिकवणे म्हणजे काय याविषयीच्या शिक्षकाच्या धारणा हे आतले. मांडणी पटते, पण माझ्या शाळेत कोणता अडथळा कोणत्या थरातला हे ओळखायचे कसे, ते त्यातून कळत नाही. वेळ नाही असे म्हणणाऱ्याला खरोखरच वेळ नाही, की इच्छा नाही म्हणून तो वेळेचे नाव पुढे करतो आहे?

म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो. सहकारी मोकळेपणाने बोलतील असे काय आणि कसे विचारावे? माझ्याकडे लॉगिनची आकडेवारी आहे, पण दिवसभर चालू राहिलेला बोर्ड त्यात ‘उत्तम वापर’ म्हणून दिसतो; मग मोजावे तरी काय? आणि समितीने दिलेले शीर्षकच चुकीचे आहे, हे शिक्षकांची वकिली केल्यासारखे न वाटता कसे मांडावे?

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापिका)

सर, एक चूक मी केली आहे, ती आपण करू नये: छापील प्रश्नावली वाटू नका. ‘आपण तंत्रज्ञान का वापरत नाही?’ या प्रश्नाला निम्मे शिक्षक ‘प्रशिक्षण हवे’ असे लिहितात, कारण ते उत्तर सभ्य आहे, त्यात कोणाचाच दोष निघत नाही आणि कोणी पुढे काही विचारत नाही. मी त्या उत्तरावर विसंबून तीन दिवसांचे शिबिर घेतले. शिबिर छान झाले, वर्ग होते तसेच राहिले.

त्याऐवजी एकेकट्या शिक्षकाला असे विचारा: ‘बोर्ड किंवा टॅब वापरायचे आपण ठरवले होते आणि ऐन वेळी वापरले नाही, असा अलीकडचा तास कोणता? त्या दिवशी काय घडले?’ मत विचारले की माणूस सावध होतो. घडलेली गोष्ट विचारली की तो सांगत सुटतो. ज्यांना असा एकही तास आठवत नाही, त्यांचा अडथळा बहुधा आतला असतो, कारण वापरावेसे त्यांना कधी वाटलेलेच नसते. आपल्या दोन थरांच्या शंकेचे उत्तर मला तरी या एका प्रश्नातून बऱ्यापैकी मिळत असे.

आणखी एक गोष्ट तपासा. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचा जो विचार मांडला, त्यात ती थोड्या प्रमाणात करून पाहता येणे हा महत्त्वाचा गुण मानला आहे. आपले शिक्षक हा बोर्ड कोठे करून पाहणार? वर्गात मुले असतात, शाळा सुटली की वर्गांना कुलूप लागते. म्हणजे पहिला प्रयत्नही भर वर्गात, सगळ्यांच्या देखत करायचा. व्हॉट्सॲपवरची पहिली चूक कोणी पाहिली नव्हती.

प्रतिसाद (पालक, संगणक क्षेत्रात काम करणारे)

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मूळ लेखातील कारणे ऐकताना सहानुभूती वाटते, पण कोणत्याही कार्यालयात नवी प्रणाली आली की ठरलेल्या तारखेपासून जुनी बंद होते आणि तीन महिन्यांत सर्व जण शिकतात. कुरबूर तेथेही होते. शिक्षकांनाच निवडीचे स्वातंत्र्य का असावे? सक्ती केल्याशिवाय सवय लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद (प्राथमिक शिक्षिका)

वरील दादांना उत्तर द्यावेसे वाटले. आमच्याकडे सक्ती झाली होती. रोज किमान एक तास डिजिटल घ्यायचा आणि त्याची नोंद करायची, असा आदेश निघाला. नोंदी शंभर टक्के झाल्या. गाण्याची चित्रफीत लावून वह्या तपासणे हादेखील डिजिटल तासच असतो, हे आम्ही सर्वांनी लवकर शिकलो. शिवाय ऑनलाइन नोंद केली तरी कागदी रजिस्टर सुटले नाही. काम एकदाऐवजी दोनदा होऊ लागले, आणि ज्या गोष्टीने काम वाढते तिच्याविषयी आस्था कशी वाढणार? आपल्या कार्यालयात जुनी प्रणाली निदान बंद तरी होते.

दुसरे असे, की आम्ही एक ॲप मन लावून शिकलो, त्यावर दोन वर्षांचे प्रश्नसंच तयार केले, आणि करार संपल्यावर त्या जागी दुसरे ॲप आले. आधीचे साहित्य त्यात उघडत नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटले आहे, की शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. शिक्षकाचे एखाद्या इयत्तेचे टाचण पिकायलाच तेवढी वर्षे लागतात. पुढचा बदल येईपर्यंत थांबणारी व्यक्ती आळशी असेलच असे नाही. तिने मागच्या वेळचा हिशेब मांडलेला असू शकतो.

मूळ लेखक

सर्वांचे आभार. पालक महोदयांचा प्रश्न समितीतही विचारला जाणार आहे, म्हणून त्याचे उत्तर मी नीट तयार केले. पटते का ते पाहावे. कार्यालयात प्रणाली अडली तर फाईल उद्यावर टाकता येते. तास उद्यावर टाकता येत नाही, कारण उद्या त्या जागी दुसरा घटक आहे, आणि अडलेली पाच मिनिटे ४० मुलांच्या देखत जातात. शिवाय वर्षअखेरीची परीक्षा कागदावरच होते. ज्या कौशल्याचे गुण नाहीत त्यावर तासातील नऊ मिनिटे घालवायला शिक्षक कचरतो, तेव्हा तो आपल्याच मुलांच्या बाजूने विचार करत असतो. सक्तीने वापर वाढेलही, पण वापर वाढला म्हणजे शिकणे वाढले असे नव्हे. ओईसीडी या, प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१५ च्या अहवालात असे आढळले होते, की ज्या देशांनी शाळांमधील संगणकांवर मोठा खर्च केला, त्यांच्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतील वाचन, गणित किंवा विज्ञानाच्या कामगिरीत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. पेरू देशात मुलांना लॅपटॉप दिल्यानंतर ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही गणित व भाषेच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. यंत्रे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. प्रकाशाचे अपवर्तन शिकवताना मी स्वतः बोर्डावाचून राहू शकत नाही. मात्र न वापरणारा प्रत्येक शिक्षक मुलांचे नुकसान करतो आहे, हे गृहीत धरता येत नाही, एवढेच.

निवृत्त मॅडमनी सुचवलेला प्रश्न मी नऊ सहकाऱ्यांना विचारला. सहा जणांनी ठराविक तास, वार, इयत्ता आणि घटक सांगितला. चार जणांचे कारण एकच निघाले आणि ते ऐकून मला ओशाळल्यासारखे झाले: टॅबच्या कपाटाची किल्ली कार्यालयात असते, वहीत सही करून ती घ्यावी लागते, आणि दोन तासांच्या मध्ये पाचही मिनिटे नसतात. हा नियम मीच केला होता, टॅब हरवू नयेत म्हणून. दोन वर्षांत एकही टॅब हरवला नाही. वापरलाच नाही तर हरवणार कसा?

दोघांनी बोर्डावरील खात्यांची अडचण सांगितली. उरलेल्या तिघांना असा तास आठवला नाही. त्यांत गणिताचे सर आहेत, आणि मॅडमच्या निकषाने त्यांचा अडथळा ‘आतला’ ठरतो. येथे मात्र मी अडखळतो. आतला म्हटले की तो दूर करायचा असे ओघानेच येते, आणि भूमितीच्या तासापुरते तरी त्यांचे म्हणणे मला बरोबर वाटते.

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापिका)

सर, ती माझ्या निकषाची मर्यादा समजा. त्या सरांना टिपणात वेगळा परिच्छेद द्या आणि त्यांचे कारण त्यांच्याच शब्दांत लिहा. समितीला निदान हे दिसेल, की ‘वापरत नाही’ या एका रकान्यात किल्ली न मिळालेले आणि विचारपूर्वक नको म्हणणारे असे दोन्ही शिक्षक एकत्र मोजले गेले आहेत. शीर्षकाविषयी वाद घालू नका. त्यांचे शीर्षक तसेच ठेवा आणि पहिल्याच पानावर किल्लीची वही जोडा.

शिबिराऐवजी एक करून पाहा. जॉइस आणि शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की प्रात्यक्षिक आणि सराव यांतून कौशल्य येते, पण ते वर्गात उतरण्यासाठी नंतर सहकाऱ्याची सोबत लागते. भूगोलाच्या बाई पुढच्या वेळी बोर्ड वापरतील तेव्हा आपला ऑफ तास असेल तर मागे जाऊन बसा. या वेळी घड्याळ नेऊ नका. अपडेट सुरू झाले तर उठून ते आपण सांभाळा, त्यांना शिकवू द्या.

मूळ लेखक

तसेच करतो, मॅडम. किल्ली आजपासून कपाटाशेजारच्या वर्गात ठेवली आहे आणि प्रत्येक बोर्डासाठी एकच सामाईक खाते केले आहे. अपडेट शाळा सुटल्यावरच व्हावेत अशी व्यवस्था बोर्डात आहे, ती शोधायला मला दोन वर्षे लागली, हेही टिपणात लिहिणार आहे. भूगोलाच्या बाईंनी गुरुवारचा चौथा तास दिला आहे.

एक विनंती शिल्लक आहे. लॉगिनऐवजी ‘ठरवले होते, पण वापरता आले नाही’ अशा तासांची नोंद सत्रभर ठेवण्याचा विचार आहे, शिक्षकांचे नाव न लिहिता. अशी नोंद कोणी ठेवली असेल, तर तिचे रकाने कोणते होते आणि ती भरायला किती वेळ लागत असे, ते कृपया कळवावे. एका मिनिटाहून अधिक लागत असेल, तर ती मी सुरूच करणार नाही.