‘व्हिजिटिंग प्रोफेसर’ला मराठीत काय म्हणावे?

धंतोलीकर : आमच्या वाचनालयातर्फे वस्तीतील एका मुलीचा सत्कार आहे. अमेरिकेतील एका लहानशा लिबरल आर्ट्स कॉलेजात मानववंशशास्त्राची ‘व्हिजिटिंग असिस्टंट प्रोफेसर’ म्हणून तिची निवड झाली आहे. पत्रिकेच्या मसुद्यात मी ‘अतिथी प्राध्यापक’ असे लिहिले, तेव्हा तिचे वडील म्हणाले, “अहो, पोरगी पूर्ण वेळ नोकरीवर चालली आहे, व्याख्यान द्यायला नाही.” कोणता शब्द योजावा?

बर्डीवाले : ‘अभ्यागत प्राध्यापक’ हा रुळलेला शब्द असताना संभ्रम कशाला? मनुस्मृतीच्या व्याख्येप्रमाणे अतिथी म्हणजे एक रात्र मुक्काम करणारा. अभ्यागत म्हणजे समोरून चालत आलेला, आणि तो किती दिवस राहील याचे बंधन त्या शब्दात नाही.

तासिकावाले : व्युत्पत्ती मान्य, पण आपल्याकडे ‘अतिथी’ म्हटले की तासांवर मोजलेले मानधन डोळ्यांसमोर येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी व्याख्यानामागे १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असे दर ठरवले होते. मी स्वतः येथील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत असे. हजेरीपटाखाली तासांची बेरीज करून विभागप्रमुखांची सही घ्यायची, आणि जुलैच्या तासांचे पैसे दिवाळी उलटल्यावर हाती पडायचे. तिकडचा ‘व्हिजिटिंग’ निराळा असतो. कायम प्राध्यापक अभ्यासरजेवर गेले की त्यांचे वर्ग सांभाळण्यासाठी बहुधा एक ते तीन वर्षांच्या करारावर, पूर्ण पगाराने त्याला नेमतात, आणि मुदत सरत आली की तो पुन्हा अर्ज करू लागतो. प्रामाणिक मराठीत याला ‘मुदतीचा प्राध्यापक’ किंवा सरळ ‘कंत्राटी’ म्हणावे.

धंतोलीकर : सत्काराच्या पत्रिकेवर ‘कंत्राटी’? तिचे वडील मला वाचनालयाची पायरी चढू देणार नाहीत.

महालकर : ‘व्हिजिटिंग प्रोफेसर’ असेच देवनागरीत छापावे. टेबल, पेन, कॉलेज चालते, मग एवढ्यानेच मराठी बुडणार आहे काय? ‘लिबरल आर्ट्स’चे ‘उदार कला’ मात्र कृपया करू नका. तेथे भौतिकशास्त्र आणि गणितही शिकवतात. ‘कला महाविद्यालय’ म्हटले तरी आपला वाचक बी.ए.पुरताच विचार करील.

बर्डीवाले : हीच सबब सांगून पिढ्यानपिढ्या शब्द गमावले. परिभाषा वापरल्यावाचून रुळत नाही.

रामदासपेठी : मला खटकतो तो ‘मानववंशशास्त्र’ हा शब्द. अमेरिकेत या विषयाच्या परंपरेने चार शाखा मानतात : सांस्कृतिक, जैविक, भाषिक आणि पुरातत्त्व. त्यांत ‘वंश’ कोठे बसतो? कवट्या मोजून माणसांचे वंश ठरवण्याच्या काळातले ते ओझे आपण अजून वाहतो आहोत. नागपुरात ज्या खात्याचे विभागीय केंद्र आहे, तेसुद्धा हिंदीत ‘भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षण’ असेच नाव लावते.

बर्डीवाले : ‘मानवविज्ञान’ हिंदीचे झाले. मराठीत विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा; तेव्हा ‘मानवशास्त्र’ म्हणा.

तासिकावाले : मग ‘समाजशास्त्रा’तली माणसे मानव नव्हेत काय? ‘वंश’ जोडला तो हा भेद दाखवण्यासाठीच, असे आमचे सर सांगत.

रामदासपेठी : भेद वंशाचा नसून पद्धतीचा आहे, महोदय. वर्षभर एखाद्या गोंड पाड्यावर राहून टिपणे काढणाऱ्याला आपण वंशावळ लिहिणारा समजायचे का?

धंतोलीकर : मंडळी, छापखान्याचा माणूस दारात उभा आहे.

बर्डीवाले : त्यांना सांगा, ‘वंश’ गाळा. ‘अभ्यागता’चे नंतर पाहू.