गोठवलेले पापलेट तव्यावर का मोडते?

मांडवीकर:
आमचे घर चार पिढ्यांपासून बडोद्यात असले, तरी आई पालघरकडची असल्यामुळे रविवारच्या जेवणात पापलेट हवेच असते. गेल्या आठवड्यात बर्फात गोठवलेली दोन पापलेटे आणली, घाईत कोमट पाण्यात सोडून सैल केली आणि नेहमीप्रमाणे आले-लसूण, तिखट, चिंच लावून तळली. उलटताना अर्धे मांस तव्याला चिकटून राहिले आणि वासही उग्र आला. आजोळी असा वास कधी आल्याचे आठवत नाही. चूक मसाल्याची, तव्याची की माशाची? शिवाय विक्रेता काळे पापलेट स्वस्तात देतो. ते त्याच चवीचे असते का?

तव्यावरची:
चूक बहुधा कोमट पाण्याची आहे. मासा सावकाश गोठला असेल, तर मांसात बर्फाचे मोठे स्फटिक तयार होऊन धागे तुटतात, आणि तो वितळताना आतले पाणी वाहून जाते. वर ऊन पाणी घातले की बाहेरचा थर भुसभुशीत होतो आणि काट्याजवळ मात्र अजून बर्फच असतो. आदल्या रात्री मासा चाळणीत ठेवून, खाली ताटली लावून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. सकाळी मीठ, हळद, लिंबू चोळून पंधरा मिनिटे थांबावे, सुटलेले पाणी ओतून द्यावे आणि मासा कापडाने अगदी कोरडा करावा. मगच घट्ट मसाला लावून तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून घोळवावा. लोखंडी तवा चांगला तापल्यावर मासा टाकला की चार मिनिटे त्याला हात लावू नये. खालची बाजू खरपूस झाली की तो आपणहून सुटतो. आले-लसूण मात्र निम्मे करा. पापलेटची चव मुळात सौम्य व किंचित गोडसर असते, ती मसाल्याखाली दबून जाते.

सातपाटीचा जावई:
वासाविषयी सांगतो. समुद्री माशांच्या मांसात एक निर्गंध द्रव्य असते. मासा मेल्यानंतर जंतू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि तोच तो ओळखीचा वास. गोड्या पाण्यातल्या रोहूत हे द्रव्य फारसे नसते. लिंबू, कोकम, चिंच यांच्या आंबटपणाने वास दबतो, पण शिळेपणा जात नाही. त्यामुळे आपला मासा गोठवण्यापूर्वीच थोडा जुना झाला असण्याची शक्यता अधिक. ताजा मासा घेताना सासूबाई कल्ल्याजवळ दाबून पाहतात: पांढरट पाणी आले तर घ्यायचा, लालसर व घाण आले तर खाली ठेवायचा. गोठलेल्या माशावर ही परीक्षा चालत नाही.

काळे पापलेट म्हणजे हलवा. नावाने पापलेट असला, तरी तो निराळ्या कुळातला आहे; मांस अधिक घट्ट आणि चव जरा ठसठशीत. कालवणाला मला तोच आवडतो, परंतु पापलेट म्हणून त्याचे पैसे देऊ नयेत.

खरे पापलेट चिखलट तळाच्या समुद्रात थव्याने फिरते. तोंड लहानसे, त्यामुळे गळाला क्वचितच लागते. खाणे म्हणजे जेलीफिश आणि बारीक तरंगते जीव. सुरमईसारखा पाठलाग करून शिकार करणारा हा मासा नव्हे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्याला राज्य मासा जाहीर केले. पण डोल जाळ्यांत, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांत, तळहाताहून लहान पिल्लेच येतात, ही पालघरकडच्या सातपाटी गावातल्या कोळ्यांची जुनी तक्रार आहे. एवढीशी पिल्ले कुठे स्वस्त मिळाली, तरी घेऊ नका. त्यांत काट्यावर मांस नसते आणि पुढच्या हंगामाचा मासा आजच संपतो.

मांडवीकर:
दोघांचेही आभार. काल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या माशाखालच्या ताटलीत जवळजवळ अर्धी वाटी पाणी साठले होते. आज तळताना एकच शेपटी मोडली, आणि तीही माझ्या घाईमुळे. आले-लसूण निम्मे केल्यावर आई मात्र म्हणाली, "आज मीठ कमी पडलंय."