मदत हवी आहे: एनएफएसवर नवी फाइल दुसऱ्या मशीनला उशिरा दिसते

दोन लिनक्स मशीन आणि एक एनएफएस (नेटवर्कवरून फाइल सामायिक करायची पद्धत) सर्व्हर, आवृत्ती ३. पहिलं मशीन मोठी डेटा फाइल लिहितं आणि लिहून झालं की शेजारी 'तयार' नावाची रिकामी फाइल बनवतं. दुसऱ्यावरची स्क्रिप्ट दर सेकंदाला 'तयार' आली का ते बघते आणि मग डेटा उचलते.

अडचण अशी, की 'तयार' सर्व्हरवर पडलेली असते, पण स्क्रिप्टला कधी कधी अर्धा मिनिट दिसतच नाही. तेवढ्यात दुसऱ्या टर्मिनलवर त्या फोल्डरात एलएस (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारला, की स्क्रिप्टलाही लगेच सापडते. आणि फाइल बनल्यावर स्क्रिप्ट सुरू केली तर उशीर अजिबात नाही! म्हणजे आधी विचारल्यामुळेच काहीतरी अडकतंय. घड्याळं जुळलेली आहेत, पॅकेटही गळत नाहीत.

दोन्हीकडे नोएसी (फाइलींची माहिती साठवून न ठेवण्याचा माउंट पर्याय) लावून पाहिलं. उशीर गेला, पण लिहिणं फारच मंदावलं. मधला मार्ग आहे का? नुसता उपाय नको, कारणही समजून घ्यायचंय.

प्रतिसाद:
कारण तुम्ही जवळजवळ पकडलंच आहे. 'अशी फाइल नाही' हे उत्तरसुद्धा क्लायंट (सर्व्हरकडून फाइली घेणारं मशीन) कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि फोल्डरची साठवलेली माहिती शिळी होईपर्यंत तेच परत देतो. फोल्डरसाठी ही मुदत एरवी ३० ते ६० सेकंद असते, साध्या फाइलसाठी ३ ते ६०.

वाचणाऱ्या मशीनवर एनएफएसचं फोल्डर अनमाउंट करून (म्हणजे जोडणी सोडून) लुकअपकॅशे=पॉझिटिव्ह हा पर्याय देऊन पुन्हा माउंट करा. मग 'नाही' म्हणण्याआधी क्लायंट दर वेळी सर्व्हरला विचारेल. नोएसी काढाच. तो प्रत्येक राइट सर्व्हरवर पोचेपर्यंत थांबवतो, मंदपणा त्याचाच. डेटा फाइल क्लोज केल्यावरच 'तयार' बनवता ना?

धागाकर्ता:
हो, क्लोज आधीच होतं. बदल केला, 'तयार' आता वेळेवर दिसते. मनापासून आभार. एक राहिलं: प्रगतीचे आकडे असलेली फाइल स्क्रिप्ट उघडीच ठेवून परत परत वाचते, तिथे जुने आकडे येतात.

प्रतिसाद:
त्यासाठी माउंटला हात लावू नका. एनएफएसची हमी क्लोज-टू-ओपन एवढीच आहे: एकाने फाइल बंद केल्यावर दुसऱ्याने उघडली, तर ताजा मजकूर मिळतो. मधल्या वाचनाला हमी नाही. दर वेळी बंद करून नव्याने उघडा, आणि लिहिणाराही लिहून झाल्यावर क्लोज किंवा एफसिंक (लिहिलेलं लगेच सर्व्हरवर पोचवणं) करतो का ते तपासा. उघडी ठेवणं भागच असेल तर दोन्हीकडून एफसीएनटीएल लॉक (फाइलीवरचं कुलूप) घ्या. लॉक घेताना क्लायंट कॅशे पुन्हा तपासतो.