तिची हाक त्याला ऐकूच येत नाही

‘सिम्पथी फॉर मिस्टर व्हेन्जन्स’ या कोरियन सिनेमात (२००२) बाजू कोणाची घ्यावी तेच कळत नाही, असं एकाने म्हटलंय. मला दिग्दर्शक पार्क चान-वूकची खरी ताकद तिथेच दिसते. (पुढे शेवट सांगितलाय, न पाहिलेल्यांनी थांबा.) मूकबधिर र्यू आजारी बहिणीसाठी स्वतःची किडनी काळ्या बाजारात देऊन फसतो, मग खंडणीसाठी एका उद्योजकाची मुलगी पळवतो. तिला इजा करायचं त्याच्या मनातही नसतं. पण ती नदीत पडते आणि तिची हाक त्याला ऐकूच येत नाही! शेवटी तिचा बाप (अभिनेता साँग कांग-हो) त्याच नदीत र्यूला सांगतो की तू चांगला माणूस आहेस, तरी मी तुला मारणार. आणि टाचेमागच्या शिरा कापतो. रक्तापेक्षा ते बोलणंच मला फार लागलं.