माल्कम हार्बर: मोटारीतून संसदेत

'गाड्यांच्या कंपनीतला माणूस युरोपीय संसदेत गेला की तिथेही गाड्यांचीच वकिली करणार' असं म्हटलं जातं, पण ते मला अर्धंच पटतं. ब्रिटनच्या माल्कम हार्बर यांचं उदाहरण घ्या. ऑस्टिन या ब्रिटिश मोटार कंपनीत शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागले, पुढची तीसेक वर्षं त्याच धंद्यात, आणि १९९९ मध्ये हुजूर पक्षातर्फे वेस्ट मिडलंड्समधून निवडून आले. म्हणजे मतदारसंघही मोटार कारखान्यांचाच! वाहन उद्योगाच्या धोरणात त्यांनी लक्ष घातलं, हे खरंच.

पण त्यांचं ठळक काम निघालं टेलिफोनचं. युरोपीय संघाच्या २००९ च्या दूरसंचार सुधारणांमधल्या ग्राहक हक्कांच्या भागाचे संसदेतले प्रतिवेदक, म्हणजे त्या मसुद्यावर संसदेचा अहवाल तयार करणारे सदस्य, तेच होते. तोच नंबर ठेवून कंपनी बदलायची तर ते काम एका कामकाजाच्या दिवसात झालं पाहिजे, ही अट त्याच कायद्यातली. त्यानंतर २०१४ पर्यंत ते अंतर्गत बाजारपेठ व ग्राहक संरक्षण समितीचे अध्यक्ष होते. मला वाटतं, सुट्या भागांची मापं आणि मानकं जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्याला तेव्हाच्या संघातल्या सत्तावीस-अठ्ठावीस देशांचे नियम जुळवणं फार परकं वाटत नसावं. वकिली करणारेही असतील, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.