डोळ्यासमोर अचानक सावली आली तेव्हा… तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठ
आज माळा आवरताना जुन्या रजईत गुंडाळलेली चुंबळ सापडली. आईने तिच्या लाल लुगड्याची वळलेली. हातात घेतली आणि जिन्यातच बसले. सात वर्षं झाली. ही चुंबळ डोक्यावर नाही, तोंडाखाली घेऊन मी अकरा दिवस पालथी पडून होते.

मी साताऱ्याची, तेव्हा वय ४४, चष्मा मायनस ९. शनिवारी रात्री डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मला वाटलं ट्यूब फडफडतेय, नवऱ्याला स्टार्टर बदलायला लावला. रविवारी पोळ्या करताना डोळ्यासमोर एकदम काजळी उडाल्यासारखे काळे ठिपके आले. दुखत काहीच नव्हतं, आणि दुखत नाही म्हणजे काही नाही असं आपण धरून चालतो ना, तिथेच सगळं चुकतं. संध्याकाळी नाकाच्या बाजूने, खालून, एक करडी सावली वर येताना दिसली. रविवार, त्यामुळे दवाखाने बंद. मेडिकलमधून लाली जायचे थेंब आणले, घातले आणि झोपले. याचं मला अजून वाईट वाटतं.

सकाळी सावली आणखी वर आलेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाहिलं आणि म्हणाले, डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) सुटलाय, पण मधला भाग अजून चिकटून आहे, आजच पुण्याला जा, उद्यावर ढकलू नका. स्वारगेटच्या एसटीत बसले आणि खंबाटकीच्या बोगद्यापासून सारखी उजवा डोळा झाकून बघत होते, सावली कुठवर आली. समोरच्या सीटची कड दिसतेय म्हणजे अजून आहे. ती कड मी शिरवळपर्यंत धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. डोळ्यातली जेली काढून गॅस भरला. तो बुडबुडा वर तरंगतो आणि पडद्याला आतून दाबून धरतो, म्हणून मान खाली घालून राहायचं. आज त्या डोळ्याने टीव्हीवरची अक्षरं वाचता येतात, सुईत दोरा मात्र उजव्याच डोळ्याने ओवते.

कुणाला असं काही झालं असेल तर लिहा. मला वाचायचंय.

शेवगा
ताई 🙏 चुंबळीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आयांना काय काय सुचतं.

बार्शीकर
आमचं वेगळं आहे पण लिहितो. मुलगा साडेतीन वर्षांचा, आजोबांच्या तंबाखूच्या चुन्याची ट्यूब घेऊन खेळत होता, दाबली आणि सगळा चुना डोळ्यात. किंचाळला. आजी म्हणे तूप घाला, कुणी म्हणे मध घाला, मी गाडीची किल्ली शोधत पळतोय. शेजारच्या वहिनींनी पोराला उचललं, काखेत धरलं आणि नळाखाली डोकं घातलं, पापण्या बोटांनी फाकवून धरल्या. पोरगं हातपाय झाडतंय, वहिनी भिजून चिंब, पण सोडलं नाही, वीसेक मिनिटं पाणी चालू. मग दवाखान्यात. तिथे डॉक्टरांनी वरची पापणी उलटवून आत अडकलेले चुन्याचे कण काढले आणि परत सलाईनच्या बाटल्यांनी धुतलं. म्हणाले चुना आत आत जात राहतो, घरी धुतलं नसतं आणि नुसते पळत आला असता तर बुबुळ पांढरं पडलं असतं. आता आठवीत आहे, क्रिकेट खेळतो. आजोबांनी त्या दिवशी तंबाखू सोडली ती सोडलीच. वहिनींना दर भाऊबीजेला साडी.

पिठलंभाकरी
वहिनींना माझा नमस्कार सांगा दादा. अंगणवाडीत हे शिकवायला पाहिजे.

लिंबूटिंबू
कृष्णाकाठ ताई, वाचून पोटात गोळा आला. मला बुधवारपासून उजव्या डोळ्याच्या कडेला चमक दिसतेय, अंधारात जास्त, आणि कोळ्यासारखं काहीतरी फिरतंय. नंबर मायनस ७. शनिवारी सुट्टी आहे तेव्हा जाणार होते. घरी कुणाला बोलले नाही, मुलाची परीक्षा चालू आहे

कृष्णाकाठ
शनिवार नको गं. आज जा. चहा ठेवला असशील तर गॅस बंद कर आणि निघ.

निवांत
माझ्या आईची गोष्ट. संध्याकाळी सातला डोकं प्रचंड दुखायला लागलं, मग उलट्या. फॅमिली डॉक्टरांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं. रात्री दहाला आई म्हणते दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसतंय. आम्हाला वाटलं तापात बडबडतेय. बहीण आली, तिने टॉर्च मारला, डोळा लालबुंद आणि बुबुळ धुरकट. रात्रीच हॉस्पिटलला नेलं. डोळ्याचं प्रेशर ५४! साधारण १० ते २१ असतं. काचबिंदूचाच प्रकार, पण एकदम येणारा, आतलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते. प्रेशर उतरवायला सलाईनमधून मॅनिटॉल, थेंब, गोळ्या. पहाटे उलटी थांबली आणि आईने चहा मागितला. पुढे लेझरने बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडलं, दुसऱ्या डोळ्यालाही पाडलं, कारण त्यालाही तोच धोका होता. त्या डोळ्याची नजर थोडी गेली, बऱ्यापैकी राहिली. उलटी आणि डोकेदुखी असेल तर डोळ्यांकडे बघा एवढंच मी सगळ्यांना सांगत फिरते.

राजगिरा
@कृष्णाकाठ सातारच्या कुठल्या भागातल्या तुम्ही? माझं माहेर शाहूपुरी.

कृष्णाकाठ
अगं मी करंजे! माझी धाकटी नणंद शाहूपुरीत.

राजगिरा
मग भेटू या दिवाळीत, कंदी पेढे घेऊन येते. सॉरी, चालू द्या सगळ्यांचं.

भटक्या_सांगली
बाबा, वय ६८. सकाळी पेपर वाचताना म्हणाले छपाई बिघडलीय, 'महाराष्ट्र'चं नुसतं 'राष्ट्र' छापलंय. डावीकडचं त्यांना दिसतच नव्हतं. मग दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली. आम्ही नवा चष्मा करू म्हणून चष्म्याच्या दुकानात नेलं, त्यात दोन तास गेले. तिथल्या मुलीने एकेक डोळा झाकून बोटं मोजायला सांगितली. दोन्ही डोळ्यांनी डावीच बाजू गायब. ती मुलगी चोवीस पंचवीसची असेल, म्हणाली काका हे डोळ्यांचं नाही, मेंदूचं आहे, चष्मा राहू द्या आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला आत्ता जा. तिनेच १०८ लावला. स्ट्रोक होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांत देतात, आणि बाबांना केव्हापासून हे होतंय तेच आम्हाला नक्की सांगता येईना म्हणून ते मिळालं नाही. रात्री झोपताना ठीक होते, एवढंच माहीत. आता बाबा पानाच्या डाव्या कडेला बोट ठेवून वाचतात, सावकाश पण रोज सगळा पेपर.

मोगरा
भटक्या दादा, बाबांना नमस्कार. आणि त्या मुलीला पण.

टेम्सकाठची_मावशी
लंडनहून लिहितेय, ट्रेनमध्ये आहे, चुका होतील. मला मागच्या वर्षी (वय ५७) अचानक मोठं जाळं आणि चमका. इथे कोपऱ्यावरच्या ऑप्टिशियनकडे गेले, तिने त्याच दिवशी पत्र देऊन पाठवलं. सिटी रोडवर मूरफिल्ड्स हॉस्पिटलमध्ये डोळ्यांची वेगळी इमर्जन्सीच आहे. बाजूला एक बांगलादेशी आजी बसल्या होत्या, त्यांच्या मुलीने मला बिस्किटं दिली, दोघी हात धरून बसलो. तर माझा पडदा शाबूत निघाला. वयानुसार डोळ्यातली जेली आकसते आणि पडद्यापासून सुटी होते, तेवढंच. बहुतेकांचं तेवढ्यावरच भागतं म्हणाले, पण सुटताना कधीकधी पडद्याला फाडते आणि ते आत बघितल्याशिवाय कळत नाही. पुढचे काही आठवडे ठिपके वाढले किंवा सावली दिसली तर लगेच परत या असं सांगून सोडलं. घरी येऊन वरणभात लावला आणि रडले. जाळं अजून आहे, सवय झाली.

दादरकर
लिंबूटिंबू गेल्या का? कुणाला माहितीये?

ओसरी
मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे, २२ वर्षं झाली, मराठवाड्यात. वाचत होतो, राहवलं नाही. आमच्याकडे पडदा सुटलेली माणसं येतात ती बहुतेक पंधरा-वीस दिवसांनी. कुणाची सोयाबीनची काढणी चालू, कुणाचं लग्नघर, कुणी देवऋष्याकडे. दुसऱ्या डोळ्याने दिसत असतं म्हणून पहिला डोळा गेलेला लक्षातच येत नाही. घरच्या घरी एकेक डोळा हाताने झाकून दाराची चौकट बघत जा, वाकडी दिसते का, कोपरा गायब आहे का. कृष्णाकाठ ताईंच्या डॉक्टरांनी मधला भाग चिकटून आहे म्हणून घाई केली ती अगदी बरोबर. बारीक वाचायची नजर त्या मधल्या भागात असते, तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर चांगली राहायची शक्यता खूप जास्त. दवाखान्यात जाताना जुना चष्मा, शुगर-बीपीच्या गोळ्या आणि सोबत एक माणूस न्या. बाहुली मोठी केली की चार-सहा तास धूसर दिसतं, स्वतः गाडी चालवत परत येऊ नका. पैशांची अडचण असेल तर ससून, जेजे अशा सरकारी मेडिकल कॉलेजांत डोळ्यांचे विभाग आहेत, कॅज्युअल्टीत जाऊन 'अचानक दिसेनासं झालं' हेच शब्द आधी बोला. नुसतं 'डोळे दाखवायचेत' म्हटलं की साध्या ओपीडीच्या रांगेत उभं करतात. आणि शुगरवाल्यांनो, दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या हो.

वऱ्हाडी_काकू
शुगरचं खरं आहे. आमच्या ह्यांना डोळ्यात शाईचा थेंब पाण्यात पडल्यावर पसरतो तसं दिसे. आत रक्त उतरलं होतं. इंजेक्शनं, मग लेझर. आता ज्वारीची भाकर, फिरणं, सगळं बरोबर करतात. आधी ऐकत नव्हते.

जास्वंद२३
मी २३ वर्षांची. डावा डोळा फिरवला की मागे दुखायचं, आणि दारातली जास्वंद उजव्या डोळ्याने लाल आणि डाव्याने विटकी दिसायची. आईला वाटलं मोबाइलमुळे. तिसऱ्या दिवशी डाव्याने नुसतं धुकं. डोळ्याच्या नसेला सूज होती, एमआरआय, ॲडमिट, तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड. दीड महिन्यात नजर आली. आता एमआरआयचा फॉलोअप असतो, त्या आठवड्यात झोप लागत नाही. बाकी ठीक.

मोगरा
अगं जास्वंद, फॉलोअपच्या आदल्या रात्री इथे येऊन बोलत बस. मी जागीच असते.

दादरकर
वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा, किल्ल्याच्या तटासारख्या, दोन्ही डोळ्यांनी दिसणाऱ्या, वीस-पंचवीस मिनिटांत विरून मग डोकं दुखणं, हे मला मायग्रेनमध्ये होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा परळला लोकलमधून उतरून बाकावर बसून राहिलो. एका कोळीणबाईने टोपली खाली ठेवून पाणी दिलं आणि मी उठेपर्यंत हलली नाही. डॉक्टरांनी सगळं तपासून मगच मायग्रेन म्हटलं. आपण आपलंच ठरवू नये.

शेवगा
ताई, ती चुंबळ नेमकी कशी वापरलीत? माझ्या काकांचं गुरुवारी हेच ऑपरेशन आहे, उशीत तोंड दाबलं की श्वास कोंडेल असं काकूला वाटतंय.

कृष्णाकाठ
एक मोठी जुन्या नऊवारीची वळायची, मधलं भोक नाक-तोंड मोकळं राहील एवढं, कपाळ आणि गाल कडेवर टेकवायचे. ऑपरेशनच्या डोळ्यावर भार नको. छातीखाली उशी. दोन करा, घामाने ओली होते. डॉक्टरांना दाखवून घ्या आधी, काहींना एका कुशीवरच झोपवतात. जेवायला ताट मांडीवर, पाणी स्ट्रॉने. मी पेपर जमिनीवर पसरून वाचायचे उजव्या डोळ्याने. आणि गॅस भरला तर तो पूर्ण जाईपर्यंत विमान नाही, उंचावर जाणं नाही. माझ्या भाचीचं लग्न महाबळेश्वरला होतं, सक्त मनाई केली, वर गेलं की बुडबुडा फुगून डोळ्याचं प्रेशर वाढतं. लग्न व्हिडिओ कॉलवर बघितलं, तेही मान खाली घालून. मनगटावर पट्टा बांधला होता, मध्येच दुसरी काही भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना कळावं म्हणून. काकांना सांग, आधी वरच्या बाजूने दिसायला लागतं आणि खाली हंड्यातल्या पाण्यासारखी रेघ हलत राहते. ती रोज खाली उतरते. शेवटी एक गोल थेंब उरतो, आणि एके दिवशी तोही नसतो. त्या दिवशी मी आईला हाक मारून उठवलं होतं. आणि हो, वर्ष-दीड वर्षात त्याच डोळ्यात मोतीबिंदू होतो बऱ्याच जणांना, माझा झाला, तेव्हा घाबरू नका म्हणावं.

शेवगा
लिहून घेतलं सगळं. काकू आत्ताच लुगडी काढून बसली.

लिंबूटिंबू
हे आईने सांगितलेलं मी टाइप करतोय, तिच्या डोळ्यात ड्रॉप घातलेत आणि तिला अक्षरं दिसत नाहीयेत. ती दुपारीच गेली, बाबा ऑफिसमधून थेट तिथे आले. उजव्या पडद्याला छिद्र होतं, पडदा सुटला नव्हता. छिद्राभोवती लेझर केलं, बसल्या बसल्या, पंधरा मिनिटांत. थोडं टोचल्यासारखं झालं म्हणते. आठवडाभर जड उचलायचं नाही, मग परत दाखवायचं. ती म्हणतेय कृष्णाकाठ मावशींना सांग, चहा खरंच ठेवला होता. माझा उद्या भूगोल आहे, तो मी बाबांबरोबर करतोय.

कृष्णाकाठ
बाळा, आईला म्हणावं पिंप मी येऊन भरते. आणि भूगोल नीट लिही.